येताना पाव आण

— क्लच, ताई, क्लच! नुसता ब्रेक नाही, क्लचही — हे बघा, पडली बंद. असू दे, असू दे, घाबरायचं नाही, माझ्या पायाखालीही क्लच-ब्रेक आहेत, तुम्ही भिंतीवर घालायला निघालात तरी मी बसलोय ना शेजारी. मागचा तो हॉर्न बडवतोय, बडवू दे, तो काय आईच्या पोटातून शिकून आलाय? गिअर न्यूट्रलला आणा. आणलात? आता किल्ली. हं. पहिला टाका, क्लच हळूहळू सोडा — हळूहळू म्हटलं की हळूहळू — सुटली बघा. काय विचारत होतात? पुलाखालून का नाही, बाजारातून का? अहो, गर्दीचा सराव नको का? मोकळ्या रस्त्यावर कुणीही चालवेल, त्यात काय मोठंसं. आज बाजार, मग शाळेचा रस्ता, मग बसस्टँडला एक वळसा. सावकाश चालवा, दुसऱ्या गिअरच्या वर जायचंच नाही. तुम्ही फक्त समोर बघा, फुटपाथकडे बघायचं ते मी बघतो. — थांबा! थांबा जरा. हिरवं जॅकेट — नाही. नाही, दुसरीच कुणी. चला. काही नाही हो, ओळखीचं कुणीतरी वाटलं.

आरसा बघितलात का, बाजूचा? रोज सांगतो, आरशात दिसत नाही त्याच्यासाठी मान वळवावी लागते. आरशावर विसंबला तो फसला. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आमची मुलगी माझी नक्कल करते, हातात ताटली धरून, स्टिअरिंगसारखी — ‘मान वळवा, ताई, मान!’ — हुबेहूब माझा आवाज. भिंगरी म्हणतो आम्ही तिला. लहानपणी गोल गोल फिरून धाडकन पडायची आणि पडल्या पडल्या खिदळायची, तेव्हापासून भिंगरी. आता दहावीच्या वर्गात गेली. तुमची मुलं केवढी? लहान आहेत, हो ना. सुखी आहात. लहान मुलं रडली तर कळतं तरी, भूक लागलीय की पडलंय. मोठी रडतात ना, तेव्हा आधी हे शोधावं लागतं की खरं की कुणाला तरी दाखवायला. बसला पुढे जाऊ द्या, तिच्याशी भांडून आपलं काय भलं होणार आहे.

टीव्ही बघता तुम्ही? वेळ कुठला, तुम्हाला इस्पितळातल्या पाळ्या. सुटलात. आमच्याकडे एक कार्यक्रम लागतो, रिअ‍ॅलिटी शो — त्यात रिअ‍ॅलिटी औषधालाही नाही, पण नाव बघा कसं झोकात. डझनभर माणसं एका बंगल्यात कोंडायची, भिंतीभिंतीवर कॅमेरे, आणि दर आठवड्याला सगळ्यांनी मिळून त्यातल्या एकाला बाहेर काढायचं. जो निघतो तो हसत निघतो, दारात उभं राहून भाषण करतो, सगळ्यांना मिठ्या मारतो, आणि गंमत अशी की ज्यांनी काढला तेच टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, हे काय, हे तर आमच्या मालकांच्या ऑफिसात रोज चालतं, त्याला टीव्ही कशाला? पण भिंगरी जीव टाकते त्याच्यावर. आणि खरं सांगू — खोटं कशाला बोलू तुमच्याशी — मला आधी आवडलंच होतं. कारण पोरगी मधली दोन-तीन वर्षं अगदी घुमी झाली होती. पाहुणे आले की आतल्या खोलीत. दुकानात पाठवली तर काय आणायचं ते दुकानदाराला बोटानं दाखवणार. आणि हा कार्यक्रम बघायला लागली नि तोंड उघडलं. असं उघडलं, असं उघडलं, की मिटेना.

उजवं इंडिकेटर द्या. वायपर सुरू झाला ताई, तो बंद करा, काच कोरडी आहे. हं. तर — तोंड उघडलं. साखर कुणी संपवली यावर अर्धा तास भांडण. मी म्हटलं, अगं, डबा भर आणि गप्प बस, तर म्हणते, ‘बाबा, गप्प बसणारा कुणाला दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो आधी जातो.’ हे वय आणि हे बोलणं! ‘मी तोंडावर बोलते, पाठीमागे नाही.’ ‘मला जज करू नका.’ ‘मी माझा गेम खेळतेय.’ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, छताकडे बघून एकटीच बोलायची — म्हणजे तिथं कॅमेरा आहे असं समजून, त्या बंगल्यात एक खोली असते ना, तिथं एकट्यानं जाऊन मनातलं सांगायचं, तसं — ‘आज आईनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, मला आतून तुटल्यासारखं झालं’ — आणि डोळ्यात पाणीसुद्धा, अगदी वेळेवर. माझी म्हातारी आई राहते आमच्याकडे, तिला नीट दिसत नाही, ती म्हणायची, ‘पालीशी काय बोलतेस गं एवढं? ती काय उत्तर देणार आहे?’ आम्ही हसून हसून लोळायचो. भिंगरीसुद्धा. तेव्हा हसायची.

ही तिची शाळा. हळू. आणखी हळू. फाटकाशी जरा थांबा — थांबायला मनाई आहे, माहीत आहे मला, मीच शिकवतो ना ती पाटी. मिनिटभर. तो पहारेकरी नाही म्हणून मान हलवतोय. सकाळीही नाहीच म्हणाला होता. चला. नाही, कसलं काय, सहज विचारलं. या शाळेत मला मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं होतं मागे. म्हणाल्या, वर्गात मुली दर आठवड्याला मतदान करतात. जिच्याविरुद्ध जास्त मतं पडतील ती ‘बाहेर’. बाहेर म्हणजे काय, तर आठवडाभर तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिच्या बाकावर बसायचं नाही, तिनं हाक मारली तर ऐकू आली नाही असं दाखवायचं. आणि जाताना सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. एक मुलगी होती, बोलताना अडखळायची, तिला लागोपाठ काढलं, ती शाळेतच येईना. आणि हे सगळं चालवणारी कोण, तर आमची भिंगरी. मला काय वाटलं असेल, सांगा? लाज वाटायला हवी होती. मी बाईंना म्हटलं, ‘पोरांचा खेळ आहे हो, मनावर घेऊ नका.’ आणि जिना उतरताना मनात — आता तुम्हाला म्हणून सांगतो — मनात म्हटलं, चला, दुकानात तोंड न उघडणारी पोर चाळीस जणींना नाचवते, बापावर गेली. असं म्हटलं मी. ब्रेक! माणूस आहे समोर, ताई! — मारला मी, मारला, काही झालं नाही. माझंच चुकलं, मी बोलत बसलो.

तुमच्या इस्पितळात — आता चढ आहे, हाफ क्लचवर धरा, मागे जाऊ देऊ नका — तुमच्या इस्पितळात अपघात विभागसुद्धा आहे ना? नाही, असंच. काल तुम्ही होतात का कामावर? संध्याकाळनंतर कुणी मुलगी वगैरे — हिरवं जॅकेट, केस इथपर्यंत, उजव्या भुवईत जुना व्रण, भिंगरीसारखी फिरताना पडलेली त्याचा — नाही? नक्की नाही? नोंद तुमच्यासमोरूनच जाते ना? बरं. बरं झालं. देव तुमचं भलं करो. मागे चाललीय गाडी, ताई, सोडू नका, मी धरलीय, मी धरलीय. उजवा पाय द्या. शाबास.

कळलंच तुम्हाला. लपवून काय करायचं, चेहऱ्यावर लिहिलेलंच असेल. काल संध्याकाळी गेलीय. चहाच्या वेळी. मेव्हणा स्कूटरवरून स्टेशनकडे फिरतोय, बायको घरी दारात बसलीय, दार उघडं टाकून. मालक म्हणाले रजा घे. मी म्हटलं रजा घेऊन काय घरात भिंती मोजू? शिकाऊ माणूस असेल तरच गाडी मिळते, म्हणून म्हटलं तुमचा तास घेतो. आणि तसंही — माझे डोळे फुटपाथवर, मग रस्ता कोण बघणार? तुम्ही चालवताय तेच बरं आहे. पोलिसांनी लिहून घेतलं. विचारलं, घरात भांडण झालं होतं का? म्हटलं, नाही साहेब, भांडण नाही, आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ते माझ्याकडे बघतच राहिले.

आता टाळ्या कसल्या ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही तशाच बघाल. खेळ आहे आमच्या घरचा. तिनंच काढलेला, त्या कार्यक्रमावरून. आठवड्यातनं एकदा, संध्याकाळचा चहा झाला की मतदान. आठवडाभर ज्यानं जास्त ताप दिला त्याच्यासमोर आपला रिकामा कप नेऊन ठेवायचा. ज्याच्यासमोर जास्त कप, तो बाहेर. बाहेर म्हणजे खरोखर दारातून बाहेर — भाषण करायचं, मिठ्या मारायच्या, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि त्यानं खाली उतरून समोरच्या इमारतीतल्या बेकरीतून पाव घेऊन परत यायचं. परत आला की पुन्हा टाळ्या. आम्हाला आवडायचं हो! बायको बाहेर गेली ती एकदा घरच्या गाऊनवरच भाषण करून गेली, बेकरीवाला अजून चिडवतो. मी तर कितीदा गेलो. माझ्यासमोर कप पडायला काय वेळ लागतो? नळ गळतो — बाबा बाहेर. घोरतो — बाबा बाहेर. मी आपला पाव घ्यायचो, त्या बेकरीच्या वरच्या जिन्यात उभा राहून एक सिगारेट ओढायचो — बायकोला माहीत नाही — जिन्याच्या खिडकीतून आमचं स्वयंपाकघर समोर अख्खं दिसतं, टीव्ही बघावा तसं, तिघी टेबलाशी हसतायत, एकीला कळत नाही दुसरी का हसतेय. भिंगरीला मी सांगितलंही होतं एकदा, की बाहेर गेल्यावरच घर चांगलं दिसतं बघ, त्या जिन्यातून. आणि ती? ती कधीच बाहेर गेली नव्हती. हुशार! आधीच आईला फितवायची, आजीला लिमलेटच्या गोळ्या द्यायची, तिच्यासमोर कधी कप यायचाच नाही.

काल आला. डावीकडे घ्या, स्टँडकडे. आरसा, मान — हं. काल घरच्यांनी तिला काढली. घरच्यांनी म्हणजे — चारच माणसं आम्ही. आठवडाभर पोरगी फुगलेली होती. जेवणावरून उठायची, दार आपटायची. परवा मी विचारलं काय झालंय, तर मला म्हणते, ‘बाबा, तुम्ही या घरात नुसते असता. तुमच्यात बघण्यासारखं काही नाही.’ बघण्यासारखं! दिवसभर लोकांच्या हातून मरता मरता वाचून येतो मी घरी, आणि बघण्यासारखं काही नाही. लागलं ते मला. बापाला लागत नाही का? तर काल चहा झाला, आणि तीच हसत म्हणाली, ‘चला, मतदान. आज मला काढायचं असेल तर काढा, मी तयार आहे.’ बायकोनं कप माझ्यासमोर ठेवला, नळ अजून गळतोय म्हणून. आईनं आपला कप भिंगरीसमोर सरकवला. भिंगरी म्हणाली, ‘मी शेवटी ठेवणार.’ आणि मी — मी माझा कप उचलला आणि तिच्यासमोर ठेवला. ठक्कन. तिच्यासमोर दोन, माझ्यासमोर एक.

तिच्या हातात अजून तिचा कप होता, ताई. माझ्यासमोर ठेवला असता तर दोन-दोन झाले असते, बरोबरी, कुणीच बाहेर नाही. मी वाट बघत होतो की ती तेच करील. तिनं कप धरला होता, निळा, कान तुटलेला, माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘माझं मत मी माझ्याबरोबर नेते.’ आत गेली, दप्तर घेऊन आली, जॅकेट चढवलं. दप्तर बघून आम्हाला वाटलं, वा, आज सगळं साग्रसंगीत चाललंय! दारात उभी राहून भाषण केलं — छान केलं हो, न अडखळता — ‘या घरानं मला खूप काही दिलं, कुणाबद्दल मनात राग नाही, सगळ्यांनी आपापला गेम खेळला.’ आजीला मिठी मारली, आईला मारली, मला मारली. कप हातातच होता, माझ्या पाठीला टोचला. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर उभं राहून वाजवल्या. आणि ती जिना उतरायला लागली तेव्हा वरून ओरडलो, ‘येताना पाव आण!’

हे शेवटचं बोललो मी तिच्याशी. येताना पाव आण.

हा स्टँड. गोल फिरवा, थांबू नका, बसवाले शिव्या देतात. बाकांकडे बघतोय मी. त्या खांबाआड कोण आहे — म्हातारा आहे कुणी. नाही. पुन्हा एक वळसा घ्या. तर काय, ती गेली, आणि आम्ही? आम्ही बसलो आरामात. बायकोनं माझ्यासमोरच्या तिच्याच कपात मला अजून अर्धा कप ओतला. मी तिच्या खुर्चीवर पाय पसरले, तिच्या वाटणीचं बिस्किट खाल्लं, बायकोला तिच्या भाषणाची नक्कल करून दाखवली, आम्ही पोट धरधरून हसलो. पाव यायला उशीर का होतोय, इतकंच. मग आईनं विचारलं, ‘माझा कप अजून इथंच कसा? भिंगरीनं विसळला नाही का?’ मी म्हटलं, आई, तो कप नाही, ते मत आहे. ती म्हणाली, ‘कसलं मत? मताच्या दिवशी ती गोळी देते, आज कुठं दिली? रोज तीच विसळते म्हणून मी तिच्याकडे सरकवते.’ म्हणजे बघा. बायकोचा माझ्यासमोर, आईचा विसळायला. घरच्यांनी काढली म्हणालो ना मी मघाशी? घरच्यांनी नाही. मी. एकट्यानं. ते दोन कप अजून तिच्या जागेवर तसेच आहेत, बायको कुणाला हात लावू देत नाही, चहा वाळलाय त्यांच्यात.

बेकरीवाला म्हणाला, आलीच नाही. मग शोधाशोध. आणि तिची मैत्रीण — म्हणजे जी मैत्रीण होती — तिच्या घरी गेलो तर ती पोरगी रडायलाच लागली. खरं रडली. तिनं सांगितलं, की काल दुपारी वर्गात भिंगरीला काढलं. तिच्याच मतदानात. सगळ्यांनी. आठवडाभर तशी चिन्हं दिसत होती, कुणी नीट बोलत नव्हतं, आणि काल हात वर करून, एकूण एक. टाळ्या वाजवल्या. ती हसत बाहेर गेली म्हणे. आणि तशीच घरी आली, चहा प्यायली, आणि आम्हाला म्हणाली — मला काढायचं असेल तर काढा. ती विचारत होती हो, ताई! विचारत होती, तुम्ही तरी ठेवता का म्हणून. पोरगी चार वेळा खोटं रडली की पाचव्या वेळी बापाचे कान बंद होतात. पण ती रडली कुठं? हसत होती. हसणाऱ्या माणसाचं काय ओळखायचं? तिला रडण्याची सवय त्या टीव्हीनं लावली, आणि लागलं तेव्हा हसायचं हेही त्यानंच शिकवलं, आणि मी शेजारी बसून बघत होतो, रोज, बिस्किट खात.

डोळे पुसायला थांबता का? थांबा, पुसा. भिजलेल्या डोळ्यांनी गाडी चालवायची नाही. माझं राहू दे.

काय म्हणालात? शेजारी? शेजाऱ्यांचं काय विचारायचं, शेजारीच आले की सगळे. ती हरवलीय म्हटल्यावर बायकोनं जो हंबरडा फोडला, समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत आले. अख्खं स्वयंपाकघर दिसतं म्हटलं ना तिथून. बायको जमिनीवर बसून कपाळ बडवतेय, आई देवाला हाका मारतेय, मी — माझंही काही ठीक नव्हतं. तमाशा नको लोकांना, घरची गोष्ट घरात, म्हणून मी उठलो नि पडदा ओढला. अजून ओढलेलाच आहे. कशाला उघडायचा, फुकटचा तो —

नाही. थांबा. चालवत राहा, तुम्ही चालवत राहा, मला नुसतं बोलू द्या. त्या कार्यक्रमात एक हलकट प्रकार आहे. कधीकधी ज्याला काढतात ना, त्याला घरी पाठवतच नाहीत. बाहेर गेला असं दाखवतात, आणि मागच्या एका खोलीत नेऊन बसवतात. चोरखोली. तिथं एक पडदा असतो, त्यावर त्याला सगळं दिसतं, आपण गेल्यावर कोण रडलं, कोण हसलं, आपल्या खुर्चीवर कोण बसलं. भिंगरीला तो भाग सगळ्यात आवडायचा. म्हणायची, ‘बाबा, मला कधी काढलं ना, तर मला चोरखोली हवी. घर हवं तर नको.’

जिना. बेकरीच्या वरचा जिना. सगळ्यात वर, गच्चीच्या दाराअलीकडे, तिथं कुणी फिरकत नाही, मोडकी कपाटं ठेवलीयत. खाली बेकरीत विचारलं मी. वर कशाला जाईन? स्टेशन पालथं घातलं, इस्पितळं विचारली, तुम्हाला तासभर गावात फिरवतोय — काखेत कळसा आणि गावाला वळसा! वळवा. इथंच वळवा. माहीत आहे रिव्हर्स शिकवला नाही, आज शिका! पूर्ण स्टिअरिंग, पूर्ण, मागे मी बघतो — या, या, या — बस. आता पुढे. तिसरा टाका. हो, तिसरा. मीच म्हटलं होतं ना टाकू नका म्हणून, आता मीच म्हणतोय टाका.

म्हणजे तिनं काय बघितलं, लक्षात येतंय का तुमच्या? सगळं बघितलं. मी पाय पसरले, बघितलं. बिस्किट खाल्लं, नक्कल केली, हसलो, बघितलं. अजून थोडा वेळ बघू म्हटलं असेल, आता उठतील, आता शोधतील. आणि जेव्हा आम्ही रडायला लागलो — खरे, जन्मात रडलो नसू असे — नेमका तेव्हा मी पडदा ओढला. बाकी सगळं दाखवलं पोरीला, आणि एवढंच झाकलं. रात्रभर तिनं काय बघितलं असेल? पडदा. सकाळपासून काय बघतेय? पडदा. डावीकडे. ही आमची गल्ली. हॉर्न नका वाजवू. बेकरीच्या अलीकडे, खांबाजवळ. क्लच, ब्रेक. गाडी बंद न पाडता थांबलात बघा. आज पहिल्यांदाच.

तुम्ही बघा वर. माझ्यानं मान वळवत नाही. सगळ्यात वरची खिडकी, जिन्याची. काय दिसतंय? कट्ट्यावर काही आहे का? निळा? — निळा. कान तुटलेला इतक्या लांबून कसा दिसणार, बरोबर आहे तुमचं. पण निळा. पालथा की सुलटा? आणि मागे कुणी — हिरवं — हो, हो, हळू बोला, बोट दाखवू नका! खिडकीतनं बघून पळेल ती. देवा. हिरवंच आहे ना? बसलीय ना?

नाही, मी धावत नाही वर जाणार. काय म्हणून जाऊ? मी हंबरडा फोडत जिना चढलो तर ती म्हणेल, बाबा, छान केलंत, आणि टाळ्या वाजवील. माझा फोन घ्या. यात सगळ्यात वर बायकोचा नंबर आहे, लावा, माझी बोटं नाही चालत. माझ्या नावानं तिच्या छातीत धस्स होईल, म्हणून आधीच सांगा, की सगळं ठीक आहे, पोरगी सापडली, रडायचं तर रड पण खिडकीशी येऊन रड. आणि पडदा उघड म्हणावं. कोण बोलतंय विचारलं तर सांगा, गाडी शिकायला आलेली बाई. उचलला? सांगा. सांगा तिला. आणि ते दोन कप तिथंच राहू देत म्हणावं, फक्त त्यातला माझा उचलून माझ्याच जागेवर ठेव. तिला कळणार नाही, का ते. वरून बघणारीला कळेल.

उघडला? पूर्ण उघडला? बायको दिसतेय का? आईसुद्धा? ... वर काय चाललंय, उठली का ती? उभी राहिली?

बस. आता तुम्ही उतरा, ताई. तास संपला. किल्ली राहू दे, मी बघतो नंतर. नाही, नाही, काही बोलू नका आता, जा तुम्ही — मला आधी पाव घ्यायचाय.